टेगू खाण्यासाठी अंगावर झेपावतो तेव्हा काय करायचं?

टेगू हा दक्षिण अमेरिकेतला मोठा सरडा, आणि तो पाळणाऱ्या बहुतेक घरांत हा टप्पा येतोच. तळहातावर मावणारं पिल्लू वर्षभराच्या आत दोन फुटांच्या पुढे जातं, आणि एक दिवस पेटीचं दार सरकवताक्षणी ते थेट आपल्या हाताकडे धावत सुटतं. तोंड उघडं, नजर बोटांवर. घरातली मंडळी लगेच म्हणतात, "हा चिडका झाला, आता याला ठेवायचं नाही." बरेच टेगू या एका वाक्यापायी घर गमावतात, आणि ते मला फार खटकतं. कारण तो चिडलेला नसतो. दार उघडलं म्हणजे जेवण आलं, हे आपणच त्याला रोज शिकवलेलं असतं आणि तो ते नीट शिकलेला असतो. आता काम एवढंच, की जेवण केव्हा आहे आणि केव्हा नाही हे त्याला ओळखता येईल अशा वेगवेगळ्या खुणा द्यायच्या.

हा लेख अर्जेंटिनाच्या काळ्या-पांढऱ्या टेगूबद्दल आहे. पूर्ण वाढलेला नर चार फुटांपर्यंत जातो, पंधरा ते वीस वर्षं जगतो, आणि त्याचे जबडे गोगलगायीचं कवच सहज फोडतात. लेपर्ड गेकोसारखा छोटा पाळीव सरडा बोटाला चावला तर आपण दचकतो, टेगू चावला तर टाके पडू शकतात. म्हणून याचं शिक्षण लहानपणीच सुरू केलेलं बरं. मोठ्या टेगूलाही शिकवता येतं, फक्त वेळ जास्त लागतो.

आधी ओळखा: भूक, भीती की हंगाम

उपाय तिन्हींचे वेगळे आहेत, म्हणून घाई करू नका. दोन-तीन दिवस काचेबाहेरून नुसतं बघा.

भुकेने येणारा टेगू सरळ येतो. जीभ भराभर आतबाहेर करतो, मान थोडी पुढे काढतो, हलणाऱ्या वस्तूवर नजर रोखतो. त्याच्या अंगात ताठरपणा नसतो, उत्सुकता असते. हात मागे घेतला तर तो मागोमाग येतो.

घाबरलेला टेगू याच्या उलट वागतो. अंग फुगवतो, आडवा उभा राहून स्वतःला मोठा दाखवतो, नाकातून जोरात फुत्कारतो, शेपटीचा फटका मारतो. त्याला तुम्ही दूर जायला हवे असता. तुम्ही मागे झालात की तो तिथेच थांबतो किंवा बिळात शिरतो. अशा टेगूला पुढे दिलेले उपाय थेट लावू नका. त्याला आधी लपायला चांगली जागा आणि महिनाभर शांतता द्या.

तिसरं कारण हंगामाचं. थंडीतली लांब झोप संपवून बाहेर आलेले प्रौढ नर काही आठवडे ओळखू येणार नाहीत इतके बदलतात. या काळात त्यांच्या शरीरात खरोखरच मोठी उलथापालथ चालू असते. ब्राझील आणि कॅनडातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं की प्रजननाच्या हंगामात टेगू स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करतात आणि रात्रीही आसपासच्या हवेपेक्षा दहा अंशांपर्यंत गरम राहू शकतात. सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये ही फारच दुर्मीळ गोष्ट आहे. अशा दिवसांत नर आरशातल्या प्रतिबिंबावर, बुटांवर, कधी मालकाच्या पायावरही धावून जातो. त्याला तेवढे आठवडे हाताळू नका. शिकवणी थांबवा, खाणं-पाणी लांबून द्या, हंगाम ओसरू द्या. मादीच्या पोटात अंडी असतील तर तिचीही भूक अचानक वाढते, आणि ती खाण्यावर तुटून पडली तर त्यात नवल नाही.

पेटीतली उष्णता तपासा

वागण्यावर काम करण्याआधी ही पायरी घ्या, कारण पुष्कळ वेळा दुखणं इथेच निघतं. टेगूला अन्न पचवायला बाहेरची उष्णता लागते. दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ४५ ते ५० अंश सेल्सिअस, थंड कोपऱ्यातली हवा २५ च्या आसपास आणि दमटपणा ७० ते ८० टक्के, असं गणित हवं. दगडाचं तापमान काचेला चिकटवलेल्या गोल काट्याच्या मीटरवर कळत नाही. हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि दिवा तापल्यावर दगडावर रोखून मोजा. अतिनील किरणांची नळी जुनी झाली की तिचा उजेड तसाच दिसतो पण किरणं घटतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ती बदला. कोकण किनाऱ्यावर दमटपणाची फारशी चिंता नसते. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मेमध्ये मात्र माती ओलसर ठेवायला रोज लक्ष घालावं लागतं.

पेटी लहान असेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. पूर्ण वाढलेल्या टेगूला किमान आठ फूट लांब आणि चार फूट रुंद जागा लागते, शिवाय पोट टेकवून खणता येईल इतकी खोल माती. अरुंद पेटीत त्याला दिवसभर करायला काही नसतं, आणि दार उघडणं हीच दिवसातली एकमेव घटना ठरते. मग तो दारावर झेपावणार नाही तर काय करणार?

खाणं किती आणि केव्हा

पिल्लाला रोज, अर्धवट वाढलेल्याला दिवसाआड, प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा. वाढत्या वयात टेगू खरंच भुकेला असतो, तेव्हा त्याला "शिस्त लागावी" म्हणून उपाशी ठेवणं चूक आहे. दुसऱ्या टोकाला, झेपावू नये म्हणून त्याला गळ्यापर्यंत भरवणारेही लोक आहेत. त्याने झेप थांबत नाही, यकृतावर चरबी मात्र साठते. प्रौढ नराचे गाल फुगलेले दिसले तर घाबरू नका, ते जबड्याचे स्नायू असतात. चरबी पाहायची तर पोट जमिनीवर लोळतंय का आणि शेपटीचं मूळ अवाजवी जाड झालंय का, तिकडे बघा.

खाण्यात वैविध्य ठेवा: टोळ, झुरळं (घरातली नव्हेत, खास वाढवलेली), गोगलगाई, बिनमसाल्याची मासळी, उकडलेलं अंडं, पूर्ण वितळवलेला गोठवलेला उंदीर, थोडी पपई, लाल भोपळा. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरा. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग वरचेवर देऊ नका, त्यातलं ॲव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवतं. कांदा, लसूण आणि ॲव्होकॅडो बिलकूल नको. जिवंत उंदीर तर कधीच नको, तो टेगूचा डोळा फोडू शकतो. "मांस दिलं की रक्ताची चटक लागते" हे मात्र खरं नाही. उंदीर खाणारा टेगू शांत असू शकतो आणि पपई खाणारा झेपावू शकतो. फरक पडतो तो खाणं कसं पोचतं याने.

वेळ सकाळची ठेवा. तो ऊन खाऊन तास-दोन तास झाले की द्या, म्हणजे पचवायला पुढचा दिवस मिळतो. दिवसभर वीज जाणार असेल तर त्या दिवशी खाणं टाळा, थंड अंगात अन्न सडतं. पेटी नीट आहे, वजन उतरतंय, तरी भूक आवरत नाही, असं दिसलं तर विष्ठेचा ताजा नमुना घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जा. पोटातले जंत हे त्याचं नेहमीचं कारण आहे.

हाताचा वास

टेगूची दुभंगलेली जीभ हवेतले वासाचे कण टिपते आणि टाळूतल्या एका खास इंद्रियापर्यंत पोचवते. आपण डोळ्यांनी जग पाहतो, तसं तो पुष्कळसं जिभेने पाहतो. म्हणून बोंबील साफ करून, हात नुसते पाण्याखाली धरून पेटीत घातले तर त्याच्या लेखी ते बोंबीलच आहेत. खाणं तयार करायला वेगळे हातमोजे ठेवा. हाताळण्याआधी कोपरापर्यंत साबणाने धुवा, शक्यतो वास नसलेल्या साबणाने. उंदीर ज्या टॉवेलवर वितळवला तो टॉवेल पेटीजवळ ठेवू नका. घरात कुत्रा-मांजर असेल तर त्यांना थोपटून लगेच टेगूकडे जाऊ नका.

आपल्या घरांत आणखी एक धोका आहे, अनवाणी पाय. खोलीत मोकळ्या सोडलेल्या टेगूच्या नजरेच्या पातळीला आपली बोटं हलत असतात, त्यावर भडक नेलपॉलिश असलं तर आणखीच. तो बाहेर असेल तेव्हा सगळ्यांनी बंद बूट घालायचे, हा नियम पाहुण्यांनाही लागू.

वापरलेला टी-शर्ट पेटीत ठेवला की टेगू शांत होतो, असं बरेच जण सांगतात. घाबरट टेगूला मालकाच्या वासाची सवय व्हायला त्याचा थोडा उपयोग होतो, खाण्याच्या झेपेवर होत नाही. त्यातून टी-शर्टला खाण्याचा वास लागला तर तो कापड गिळू शकतो. मी हा उपाय सुचवत नाही.

दार म्हणजे जेवण, हे समीकरण मोडा

आता मुख्य काम. सध्या दहा वेळा दार उघडलं तर दहाही वेळा खाणं येत असेल, तर ते प्रमाण बदला. दिवसातून चार-पाच वेळा दार उघडा आणि खाणं देऊ नका. कधी पाणी बदला, कधी पान उचला, कधी काहीच न करता बंद करा. पहिले काही दिवस तो धावत येईल. तेव्हा दार हळूच लोटून घ्या, तो माघारी वळला की पुन्हा उघडा. आरडाओरडा नको, घाईही नको. सुरुवातीला पाण्याचं भांडं लांब चिमट्याने ओढून घ्या, हात आत घालून परीक्षा पाहायची गरज नाही.

जेवण दुसऱ्या टबमध्ये द्यावं, असा सल्ला सर्रास मिळतो. त्यात थोडं तथ्य आहे, पण भुकेल्या टेगूला उचलून नेणं आणि भरल्या पोटाने परत उचलणं या दोन सर्वांत जोखमीच्या वेळा त्यात आपण स्वतःहून ओढवून घेतो. भरल्या पोटी हाताळलं तर तो ओकतोही. पेटीतच पण ठरलेल्या जागी, ठरलेल्या खुणेनंतर जेवण देणं मला जास्त पटतं.

खुणेची काठी

प्राणिसंग्रहालयांत मगरीपासून कोमोडो ड्रॅगनपर्यंत अनेकांना हीच पद्धत शिकवतात. टेगू तर हुशारच असतो, म्हणून इथे रेंगाळून सगळं सांगतो.

साहित्य साधं आहे. हातभर तरी लांब बांबूची काठी आणि तिच्या टोकाला निळा किंवा हिरवा रंगवलेला टेबल टेनिसचा चेंडू. लाल रंग नको, मांसाशी गल्लत होते. टक् असा आवाज करणारं बॉलपेन. फूटभर लांबीचा, टोकाला रबर असलेला चिमटा, कारण धातूच्या टोकावर चावून दात तुटतात. आणि एक सपाट फरशी, पेटीत दारापासून सर्वांत लांब ठेवलेली.

पहिल्या दिवसांत फक्त ओळख करून द्यायची. चेंडू त्याच्या नाकापासून वीतभर लांब धरा. तो जीभ लावेल. जीभ लागली त्याच क्षणी पेनचा टक् करा आणि चिमट्याने एक लहान तुकडा फरशीवर ठेवा. तुकडा हातातून नाही, चेंडूजवळही नाही, फरशीवरच. खाणं हातापासून दूर प्रकट होतं, हे त्याच्या मनात बसायला हवं. पाच मिनिटांत आटपा. तुकडे त्याच्या नेहमीच्या जेवणातलेच घ्या, वरचं नको.

तो चेंडू दिसताच स्वतःहून जीभ लावायला लागला की चेंडू थोडा दूर धरा, मग आणखी दूर, असं करत त्याला फरशीपर्यंत चालवत न्या. काही टेगू चार-पाच वेळांतच हे पकडतात, काहींना महिना लागतो. पुढची पायरी थांबण्याची. फरशीवर चारही पाय टेकल्यावर लगेच टक् करू नका. क्षणभर थांबा, मग टक्. पुढे दोन क्षण, पाच क्षण. हे थांबणंच आपल्याला हवं आहे. धावत आला तर काही मिळत नाही, फरशीवर उभा राहिला तर मिळतं, हे त्याला इथे समजतं.

तो चेंडूलाच कडकडून चावला तर टक् करू नका आणि काठी ओढूही नका. तो सोडेपर्यंत थांबा. वारंवार असं होत असेल तर तो फार भुकेला आहे. शिकवणीआधी थोडं खायला घाला, किंवा चेंडू त्याच्या तोंडात मावणार नाही इतका मोठा घ्या.

याच्या जोडीला दुसरी, विरुद्ध अर्थाची खूण शिकवा. कापड गुंडाळलेली एक वेगळी काठी घ्या आणि हाताळायच्या आधी प्रत्येक वेळी ती हलकेच त्याच्या कुशीला लावा. या काठीनंतर कधीही खाणं येत नाही, हा नियम घरातल्या कोणीही मोडायचा नाही. काठी लागल्यावर त्याची जीभ संथ झाली, मान खाली आली, की मगच हात घाला. तोही समोरून किंवा वरून नाही, बाजूने, तळवा पोटाखाली सरकवत. वरून येणारा हात त्याला झडप घालणाऱ्या पक्ष्यासारखा वाटतो. जीभ भराभर चालत असेल तर त्या दिवशी उचलायचं नाही.

नाकावर टिचकी मारणं, तोंडावर पाणी उडवणं, शांत होईपर्यंत जमिनीवर दाबून धरणं, हे काही करू नका. याने झेप कमी झाल्यासारखी दिसते, कारण टेगू तुम्हाला घाबरायला लागतो. मग भुकेच्या चाव्याच्या जागी भीतीचा चावा येतो, आणि तो अगोदर कसली चाहूल देत नाही.

जेवणानंतर आणि जोडीदार

जेवण झालं की उरलेलं चिमट्याने काढा, आणि त्या दिवशी त्याला उचलू नका. तोंडाला वास असतो, पोट जड असतं. मुद्दाम भरवून लगेच प्रेमाने मांडीवर घ्यायची सवय असेल तर ती सोडा.

दोन टेगू एका पेटीत असतील तर खाण्याच्या वेळी तरी वेगळे करा, खरं तर कायमचेच करा. एकाने ओढलेल्या तुकड्यावर दुसरा झेपावतो आणि बोट, पाय, शेपटीचं टोक जातं. बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याच्या पिल्लांमध्येही हे नेहमी घडतं.

चावलाच तर

ओढू नका. दात रुतलेल्या जागी मांस फाटतं आणि टेगू आणखी घट्ट धरतो, कधी अंगाभोवती गिरकी घेतो. हात स्थिर ठेवा, त्याचे चारही पाय जमिनीवर टेकतील असं खाली बसा. पायांखाली आधार मिळाला की पुष्कळ टेगू आपणहून सोडतात. नाही सोडलं तर तोंडाच्या कडेवर थंड पाण्याची धार धरा.

सुटल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. चावा खोल असेल, बोटाच्या सांध्यावर असेल किंवा बोट नीट वळत नसेल तर उशीर नको. धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांत घेतलेलं नसेल तर ते लागेल. रेबीज सस्तन प्राण्यांचा रोग आहे, टेगूपासून तो होत नाही. डॉक्टरांना प्राणी कोणता हे स्पष्ट सांगा. "सरडा" म्हटलं तर त्यांच्या डोळ्यासमोर बागेतला सरडा येतो. जखम नसली तरी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांना हाताळू देऊ नका.

कागदपत्रं

टेगू साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद बंधनकारक झाली. २०२४ च्या नियमांनुसार ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. पशुवैद्याकडे जाताना नोंदणीची प्रत सोबत ठेवा. कोणी "देशी टेगू" म्हणून घोरपड दाखवली तर घेऊ नका. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे आणि ती पाळणं गुन्हा आहे. फ्लोरिडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी वेगळी सूचना: तिथे टेगू जंगलात पसरल्याने २०२१ पासून तो निषिद्ध प्राण्यांच्या यादीत आहे. झेपेला कंटाळून त्याला बाहेर सोडून देणं तिथेच काय, कुठेही नको.

गणपतीला गावी जाताना

महिनोन्‌महिने बसवलेली घडी इथे विस्कटते. शेजारी प्रेमाने दार उघडून हाताने अंडं भरवतात, आणि आपण परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रौढ, निरोगी टेगू चार-पाच दिवस जेवला नाही तरी बिघडत नाही, त्याला फक्त उष्णता, उजेड आणि पाणी हवं. दिवे टायमरला लावा. पाण्याचं जड भांडं दारालगत ठेवा, म्हणजे शेजाऱ्यांना ते आत हात न घालता बाहेरून जगने भरता येईल. दारावर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावा: खाणं देऊ नये, हात आत घालू नये, दिवा बंद दिसला तर फोन करावा. आठवड्यापेक्षा जास्त दिवस जाणार असाल तर निघण्याआधी त्यांना दोनदा घरी बोलावून काठी, टक् आणि फरशी हा क्रम तुमच्यासमोर करून घ्या.